निळीचं अर्धं दुकान

माझा धाकटा भाऊ चोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी बहीण म्हणून त्याची बाजू घेतेय असं पुढे कुणाला वाटायला नको. बाजू घ्यायला मुळात बाजू असावी लागते. आणि ही गोष्ट त्याची नाहीच. त्याच्या बायकोची आहे, आणि तिच्या दुकानाची.

तिला सगळे निळी म्हणतात. कपडे रंगवायचं काम तिचं. विटलेले कोट, उन्हानं उडालेले पडदे, डाग पडलेल्या चादरी लोक आणून टाकतात आणि नव्यासारख्या करून नेतात. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मागे दोन मोठे हंडे, शेगड्या, एक नळ आणि छताला वाळवायच्या दोऱ्या. कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. काजं, बटणं, उसवलेल्या शिवणी, कमरेला घट्ट-सैल करणं, हे माझं. तेव्हा मी ऐकीव काही सांगत नाहीये. सगळं डोळ्यांसमोर झालंय.

हंड्यातलं कापड सारखं हलवत राहावं लागतं. जरा हात थांबला की रंग कुठे दाट, कुठे फिका बसतो, आणि गिऱ्हाईक मग तोंडावर फेकून जातं. निळी हातमोजे घालत नाही. कापडानं रंग धरला की नाही ते बोटांना कळतं, रबराला काय कळणार, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिचे हात कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे. आज किरमिजी, उद्या काळे. नखांच्या कडांना मात्र निळा बसला तो बसलाच. लग्नात आमच्या आत्यानं तिचे हात बघून विचारलं होतं, "मुलीला काही आजार आहे का?" ही म्हणाली, "आहे, पोट भरायचा."  मला ती तेव्हाच आवडली.

आणि आमचा हा धाकटा लहानपणापासून इस्त्रीतला. बोटाला शाई लागली तर रडायचा. आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि पुढे तो खरंच साहेब झाला, सरकारी इस्पितळांच्या खरेदी खात्यात. असा माणूस रंगारणीच्या प्रेमात कसा पडला, देव जाणे. पण पडला, हे खरं. तिचे हात हातात घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "तुझे हात राहू दे, मी करतो." सगळा घोळ त्या एका वाक्यानं झाला.

दुकानाची जागा आधी भाड्याची होती. मालक विकायला निघाला. निळीनं वर्षानुवर्षं साठवलेलं होतं, ते सगळं काढलं. त्या वेळी साहेब अजून साधा कारकून होता, पगारात त्याचे इस्त्रीचे शर्टच कसेबसे भागायचे. खरेदीच्या दिवशी निळी हंड्यावरूनच नोंदणी कचेरीत आली. साबण लावला होता, लिंबू घासलं होतं, तरी ओल्या बोटांतून रंग सुटत होता. तिथला कारकून म्हणाला, "बाई, कागद खराब होईल. मग सगळं परत करावं लागेल, परत शुल्क भरावं लागेल." साहेबानं खिशातून पेन काढलं. "मी करतो की सही. तुझं माझं काय वेगळं आहे?" सगळे हसले. निळीही हसली. मी म्हटलं, "अगं, अंगठा तरी उठव." तर म्हणते, "ताई, अंगठाही निळाच आहे."

झालं. दुकान त्याच्या नावावर. पुढे तीच रीत पडली. बँक, विजेचं बिल, दुकानाचा परवाना, सगळीकडे त्याची सही. हात पुसून पेन धरण्यापेक्षा नवऱ्याला सांगणं सोपं. तिला कुणी फसवलं नव्हतं हो, आणि ती घाबरटही नव्हती. आमच्या घरात मायेची रीतच तशी होती, आणि मायेच्या माणसाकडे पावती कोण मागतं?

मग साहेबाला बढती मिळाली. इस्पितळांची कांबळी, चादरी, गाद्या कुणाकडून घ्यायच्या हे तो ठरवायला लागला. पाठोपाठ नवा फ्लॅट आला, गाडी आली. निळीनं विचारलं तर म्हणाला, बढती झालीय, कर्ज काढलंय, तू हंडा सांभाळ. तिनं हंडा सांभाळला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ह्याला कधी खवखवलेलं कुणी पाहिलं नाही. शांत झोपायचा मेला. आणि तिकडे इस्पितळात माणसं कुडकुडत होती. ह्यानं पास केलेली कांबळी दिव्यासमोर धरली तर पलीकडचा माणूस दिसायचा, हे नंतर कोर्टात कुणीतरी धरूनच दाखवलं.

एका सकाळी लाचलुचपत खात्याची चार माणसं दुकानात आली, बरोबर दोन शिपाई. साहेबाला त्याच्या कचेरीतून आधीच उचललं होतं. निळी त्या वेळी हंड्यावर होती. मोठ्या हंड्यात कुणाच्या तरी घरचे सगळे पडदे होते, गडद हिरवे करायचे. त्यांचा प्रमुख म्हणाला, "दुकान बंद करायचंय. सील लावायचंय."

"का?"

"इस्पितळांच्या कांबळ्यांत पैसे खाल्ल्याचा आरोप आहे तुमच्या यजमानांवर. ते म्हणतात, फ्लॅट, गाडी, बँकेतला पैसा, सगळं ह्या दुकानाच्या कमाईतून आलं. तसा जबाब दिलाय त्यांनी. तेव्हा हेही चौकशीत."

निळीच्या हातात लाकडी दांडा होता. ती ढवळायची थांबली. तिला कामात थांबलेली मी कधीच पाहिली नव्हती. मग म्हणाली, "तासभर द्या. कापड काढून विसळून वाळत टाकते. लोकांचं आहे."

"कशाला हात लावायचा नाही."

"अहो, कुजेल ते."

"नियम आहे."

नियम. इतकी वर्षं कांबळ्यांतले पैसे खाल्ले जात होते तेव्हा हा नियम कुठे झोपला होता, असं मी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं मला माझं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग शटर ओढलं आणि कुलपावर लाख ओतली. आत हंडा अजून गरम होता.

रस्त्यावर उभ्या उभ्याच निळी म्हणाली, "ताई, मला घटस्फोट पाहिजे." चोरीसाठी नव्हे. चोरी तिला तेव्हा नीट कळलीही नव्हती. पकडला गेल्यावर पहिल्या झटक्यात त्यानं स्वतःला वाचवायला तिचं दुकान पुढे केलं होतं, ते तिला कळलं होतं. त्या दिवसापर्यंत ती त्याला 'हे' म्हणायची. त्या दिवसापासून 'तो' म्हणायला लागली.

ती माझ्याकडे राहायला आली आणि माझ्या न्हाणीघरात काम सुरू केलं. बादलीत, टबात, जमेल तसं. माझ्या फरशा अजून किरमिजी आहेत. शेजारीण एकदा हात धुवायला गेली आणि किंचाळत बाहेर आली, तिला वाटलं मी कुणाचा तरी खून केला. मी म्हटलं, अजून नाही, पण एक भाऊ मनात आहे.

मग काका आले. आमचे धाकटे काका, घरात कुणाचं काही बिनसलं की निरोप घेऊन फिरणारे. ते साहेबाला कोठडीत भेटून आले होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "सूनबाई, तो घटस्फोटाला तयार आहे."

निळीनं त्यांच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं.

"नुसता तयार नाही, सगळं तुला द्यायला तयार आहे. फ्लॅट, गाडी, दुकान, सगळं. सहमतीनं होऊन जाईल. तू फक्त कोर्टात एवढं सांगायचं, की दुकान जोरात चालत होतं आणि सगळी कमाई तिथली. मालमत्ता तुझ्या नावावर झाली की सरकार काय घेणार? प्रकरण निवलं की पुन्हा एकत्र राहा. कागद काय, कागदच असतो."

मला इतका संताप आला की हातातली सुई मी खुर्चीच्या गादीत खुपसली, काकांच्या मांडीपासून बोटभर अंतरावर. मी म्हटलं, "काका, त्यानं चोरी करायची, आणि चोरीचा माल तिच्या गळ्यात बांधून वर उपकार केले म्हणायचं?"

"अगं, तुझा सख्खा भाऊ आहे."

"तेच तर दुःख आहे."

काका गेल्यावर आम्ही वकीलबाईंकडे गेलो. मी ज्यांचे कोट दुरुस्त करते त्या ह्या, बोलणं तुटक पण माणूस सरळ. त्यांनी समोर मांडलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्यानं सगळं देतो म्हणून कौटुंबिक कोर्टात अर्ज टाकलासुद्धा. आता सरकारी वकील म्हणणार, हा घटस्फोटच खोटा. जप्ती चुकवायला नवरा-बायकोनं मिळून केलेलं नाटक. तो जितकं देईल तितका तुमच्यावर संशय."

"मला काही नको त्याचं," निळी म्हणाली. "माझं दुकान पाहिजे."

"दुकान कागदावर त्याचंच आहे. आणि त्यानं जेवढं खाल्लं तेवढं वसूल करायचा हुकूम निघाला, तर सरकार त्याच्या नावावरचं काहीही उचलू शकतं, चोरीचं असो की घामाचं. घटस्फोटातला तुमचा वाटा आधी सिद्ध झाला तरच काही हाती लागेल. त्यानं सांगितलंय तसं बोललात तर कदाचित सगळं मिळेल. उघडं पडलं तर तुम्हीही आत. खरं बोललात तर फ्लॅट नक्की जाईल, आणि दुकानाचं मी सांगू शकत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. परत येताना मी वाटभर शिव्या दिल्या. भावाला, सरकारला, त्या कागदाची काळजी करणाऱ्या कारकुनाला, वीज मंडळालासुद्धा, उगाचच.  घरी येऊन निळीनं टबात कुणाचा तरी कोट बुडवला आणि ढवळायला लागली. ढवळता ढवळता म्हणाली, "ताई, ते पडदे आत कुजले असतील." मी चिडून म्हटलं, "इथे हातचं दुकान चाललंय आणि तू पडद्यांचं काय घेऊन बसलीस?" म्हणाली, "पडदे दुकानातच आहेत."

घटस्फोटाच्या सुनावणीला मी तिच्या मागच्या बाकावर होते. साहेबाला दोन शिपायांमध्ये बसवलं होतं. शर्टाला इस्त्री होती. कोठडीत कोण करून देतं कोण जाणे. सरकारी वकील म्हणजे एक तरुण, गोड आवाजाचा माणूस. असल्या गोड आवाजाची मला आधीपासून चीड आहे.

"दुकान तुमचं म्हणता. मग नाव त्यांचं कसं?"

निळीनं सांगितलं. कचेरी, ओले हात, कारकून, पेन. जसं घडलं तसं.

"म्हणजे आयुष्यभराची कमाई तुम्ही दुसऱ्याच्या नावावर केली, कारण हात धुतले नव्हते?" तो हसला. मागे आणखी दोघेतिघे हसले.

"धुतले होते," निळी म्हणाली. "जात नाही." आणि तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. आदल्या दिवशी काळा रंग केला होता. मनगटापर्यंत काळे, नखं निळी. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर करून बघितलं. 

"बरं. तुमचे पती सगळी मालमत्ता तुम्हाला द्यायला तयार आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती तुमच्याच दुकानातून उभी राहिली. हे खरं आहे?"

हीच ती जागा. हो म्हटलं तर फ्लॅट, गाडी, दुकान, कदाचित सगळं पदरात. नाही म्हटलं तर ज्याच्यासाठी ती इथवर आली तेही जायचं. साहेब तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं वाक्य होतं, तुझे हात राहू दे, मी करतो. 

निळी म्हणाली, "नाही. खोटं आहे."

"म्हणजे?"

"दुकानावर मी घर चालवलं. घर विकत नाही घेतलं. पडदे रंगवून फ्लॅट होत नाही, वकीलसाहेब. होत असता तर गावातल्या सगळ्या रंगाऱ्यांचे झाले असते. फ्लॅट त्यानं कशातून घेतला ते त्याला विचारा. मला त्यातलं काही नको. भांडंसुद्धा नको. त्यानं मला काही देऊ नये. माझं आहे तेवढं फक्त घेऊ नये."

त्यावर माझा भाऊ उठून उभा राहिला आणि म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

कुणी कुणाचं खाल्लं? हा कारकून असताना ह्याच्या ताटात जे पडायचं ते त्या काळ्या हातांचं होतं. मग मात्र मला राहवलं नाही. मी बाकावर उभी राहिले आणि मला जे म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं, त्याच्या पाळण्यापासून सुरुवात करून. न्यायाधीशबाईंनी दोनदा टेबल वाजवलं, मला ऐकूच आलं नाही. शेवटी शिपायानं दंड धरून बाहेर काढलं. त्यामुळे पुढचं कामकाज मी पाहिलं नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, आणि तो शिपाईच मला हळूच म्हणाला, "मावशी, बरोबर बोललात. पण आवाज जरा मोठा होता."

निकाल काही आठवड्यांनी लागला. घटस्फोट खरा ठरला. बायको नवऱ्याच्या विरुद्ध, स्वतःचं नुकसान करून बोलते म्हटल्यावर नाटक म्हणायला कुणाला जागा उरली नाही. फ्लॅट गेला, गाडी गेली, आणि लाचेच्या खटल्यात साहेब आत गेला. आणि दुकान? दुकानाचे दोन भाग. ते बाईंच्या कष्टाचं आहे हे दिसतं, पण कागद नवऱ्याचा आहे, तेव्हा अर्धं घटस्फोटातला तिचा वाटा, आणि अर्धं नवऱ्याच्या वसुलीत सरकारजमा. तिनं सरकारचं अर्धं ठरलेल्या भावानं, हप्त्यांनी विकत घ्यावं, नाहीतर दुकान विकून पैसे वाटून घ्यावेत.

ऐकलंत ना? स्वतःच्या पैशानं एकदा घेतलेलं दुकान अर्धं पुन्हा विकत घ्या. वकीलबाई म्हणाल्या, "ह्याहून बरं मिळणं कठीण होतं." मी म्हटलं, "बाई, तुमच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी शिवल्या, आणि उद्या एक बाही उसवून म्हटलं की ही परत विकत घ्या, तर तुम्हाला बरं वाटेल का?" 

सील काढलं त्या दिवशी आम्ही दोघी गेलो. शटर वर केलं आणि असा वास आला की रस्त्यावरचा माणूस पलीकडे पळाला. हंड्यात पडदे हिरवे नव्हते, आणि पडदेही राहिले नव्हते. निळीनं बाह्या वर केल्या आणि हातानं ते बाहेर काढायला लागली. बोटांत येईल तेवढंच निघत होतं. ती रडली ती तिथे, कोर्टात नाही. मग तिनं हंडा घासला, त्या गिऱ्हाइकाला नवं कापड आणून फुकट रंगवून दिलं, आणि कामाला लागली.

काही वर्षं ती अर्धी स्वतःची आणि अर्धी सरकारची होती. मोठा हंडा सरकारचा आणि छोटा आपला, असं मी म्हणायचे. नळ कुणाचा ह्यावर आमचा वाद व्हायचा. मधे साहेबाचा तुरुंगातून काकांकरवी निरोप आला, की शेवटी मी दिलेल्या वाट्यामुळेच तिचं दुकान उभं आहे, हे तिनं विसरू नये. काका तो निरोप अर्धाच सांगू शकले. उरलेला अर्धा मी त्यांना जिन्यावर पोचवत पोचवत ऐकला.

शेवटचा हप्ता फिटला आणि आम्ही त्याच कचेरीत गेलो. कारकून दुसरा होता, टेबल तेच. निळी हंड्यावरून तशीच आली होती, मुद्दाम की घाईत, मी विचारलं नाही. हात ओले, निळे, गडद निळे, कोपरापर्यंत. कारकुनानं कागद तिच्यापुढे सरकवला, तिचे हात बघितले, आणि पटकन परत ओढला.

"बाई, आधी हात पुसा. कागद खराब होईल." मग माझ्याकडे वळून, मदतच करतोय अशा आवाजात, "नाहीतर ह्यांच्याकडून करून घ्या. घरच्याच आहेत ना? एक अधिकारपत्र घेऊ, ह्या करतील सही."

मी तोंड उघडलं होतं. निळीनं माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. माझ्या पांढऱ्या बाहीवर पाच बोटं उमटली.

मग तिनं तो कागद त्याच्या हाताखालून काढून घेतला आणि पेन उचललं. सावकाश सही केली, सवय नव्हती. पूर्ण नाव लिहिलं, जे मीसुद्धा फारसं ऐकलेलं नव्हतं. कागदाच्या कडेला अंगठ्याचा निळा डाग पडला.

कारकून म्हणाला, "बघा, पडला डाग."

"पडू दे," ती म्हणाली. "माझाच आहे."